खाडीतलं भाण

दिगू, तुझ्या शेवटच्या आंघोळीचं पाणी आम्ही ॲल्युमिनियमच्या टोपात तापवलं. अंगणात तीन चिरे मांडले, त्यावर टोप ठेवला, आणि पावसात भिजलेली लाकडं फुंकता फुंकता माझे डोळे लाल झाले. धुराचं निमित्त होतं ते बरं झालं. माई उंबऱ्यावर बसून होती. तुझ्याकडे बघत नव्हती, त्या टोपाकडे बघत होती. पाण्यावर वाफ धरली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताका भाणातलांच उदक लागतां." बायकांनी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावले. लेकाच्या दुःखानं म्हातारी भ्रमली, असं त्यांना वाटलं.

ती भ्रमली नव्हती. लहानपणी तू त्या भाणाशिवाय आंघोळच करायचा नाहीस. न्हाणीघरातलं ते तांब्याचं मोठं पोटाळ भांडं, खाली सदा धुमसणारी चूल, आणि त्यातलं पाणी अंगावर घेताना तुझं ते बेसूर गाणं आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. थंडीतापात दुसऱ्या भांड्यातलं पाणी दिलं तर तू भोकाड पसरायचास. माई आपल्या लेकराची सवय सांगत होती. आणि ज्या भाणाबद्दल ती बोलत होती ते घरात नव्हतं. ते केरीच्या खाडीत, खाऱ्या पाण्यात, एका सळीच्या पोटात होतं. हे त्या अंगणात फक्त मला आणि तिला ठाऊक होतं, आणि तू तर पाटावर डोळे मिटून पडला होतास.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. कुशल धातुतज्ज्ञ, मनमिळाऊ अधिकारी. मनमिळाऊ! छापणाऱ्यानं तुला एकदा तरी मिलमध्ये सळ्यांच्या चाचणीच्या बाकाशी उभं राहिलेलं बघायला हवं होतं. म्हणून म्हटलं, मीच लिहितो. मी काही लिहिणारा माणूस नव्हे. डिचोलीजवळच्या सड्यावरच्या त्या सळ्यांच्या मिलमध्ये तापलेल्या लाल कांबी लाटायच्या रुळांत घालता घालता माझे केस पांढरे झाले आणि कामगारांच्या वतीनं शेटशी भांडून घसा बसला. पण तुझ्याशी भांडण्यात मी जेवढं आयुष्य घालवलं तेवढं शेटशीही नाही. इब्रामपूरच्या एकाच वाड्यावरचे आपण दोघे. तू शिकून पोलादाचा इंजिनिअर झालास आणि ऑफिसातल्या खुर्चीत बसलास, मी भट्टीसमोर उभा राहिलो, आणि सकाळी दोघे तुझ्या एकाच स्कूटरवरून कामाला जायचो. स्कूटरवर बसलो की युनियन मागच्या सीटवर असायची आणि मॅनेजमेंट पुढच्या. वाटेत भांडण पुरं झालं नाही तर तू गेटबाहेर स्कूटर थांबवून ते संपवायचास.

भांडायला आपल्याला काय, काहीही पुरायचं. राजभाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा मी मराठीच्या मोर्च्यात आणि तू कोंकणीच्या बाजूला. आणि आपण त्यावर कडकडून भांडायचो ते कोंकणीतून, हे माईनं दाखवून दिलं तेव्हा दोघेही ओशाळलो होतो. तू घरी कोंकणी बोलणार, हिशेब मराठीत करणार आणि शिव्या सावंतवाडीच्या मामाकडून शिकलेल्या मालवणी. मग कसली बाजू घेतोस, असं मी विचारलं की तू म्हणायचास, माझी बाजू माझ्या आईची. त्यावर मी विषय बदलायचो.

सळीचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते मांद्र्याला. तुझ्या मावशीच्या घराचा स्लॅब फुटला होता. घर काही जुनं नव्हतं. समुद्राच्या खाऱ्या हवेनं आतली सळी गंजून फुगली होती, आणि फुगता फुगता तिनं सिमेंटच उखडून काढलं होतं. तू पडलेला तुकडा उचलून घरी आणलास. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर म्हणालास की ही सळी आपल्याच मिलची आहे. मी म्हटलं, असेल, सळी सगळीकडे गंजते. तू म्हणालास, सगळीकडच्यांनी आपापलं बघावं, आपल्या किनाऱ्यावर चालेल अशी सळी आपण करायची.

पोलादात थोडं तांबं घातलं तर गंज हळू धरतो, हे तू कुठंतरी वाचलेलं होतंस. जास्त घातलं तर लाल कांब रुळांत फाटते, कमी घातलं तर काही उपयोग नाही. शेटला तू तांबं मागितलंस. आपली मिल ती केवढी, खाणींवरचे मोडके ट्रक आणि बार्जींचे कापलेले पत्रे वितळवून सळ्या करणारी. शेट हसला आणि म्हणाला, पोलादाच्या कारखान्यात तांबं आणायला मी वेडा नाही. आणि त्या आठवड्यात तू आईला सांगितलंस की भाण गळतंय, डाग देऊन आणतो.

गळत होतं हे खरं. पण दिगू, तू आयुष्यात स्वतःच्या हट्टासाठी खोटं बोललास ते तेवढं एकच, आणि ते आईशी. स्कूटरवर मी ते भाण पोटाशी धरून बसलो होतो. मला वाटलं आपण खरंच म्हापशाला डाग देणाऱ्याकडे चाललोय. तू स्कूटर मिलच्या गेटातून आत घातलीस तेव्हा मी विचारलं, हे काय. तू म्हणालास, डाग देणार आहोत, जरा मोठा. भट्टीत भाण सोडताना तुझा चेहरा मी पाहिला आहे. बाकी सगळे पोलाद बघत होते, मी तुला बघत होतो. तांबं वितळायला काही वेळ लागत नाही, तू मात्र भट्टीपाशी बराच वेळ उभा होतास.

त्या पोलादाच्या सळ्या चांगल्या निघाल्या. कुठं फाटल्या नाहीत. त्यातली एक आणि नेहमीच्या पोलादाची एक, अशा दोन घेऊन आपण केरीला गेलो, तेरेखोलच्या खाडीच्या तोंडाशी. धक्क्याच्या एका जुन्या खांबाला दोन्ही बांधल्या, भरतीला बुडतील आणि ओहोटीला उघड्या पडतील अशा. साधीला निळी दोरी, तुझीला तांबडी. मी म्हटलं, आता? तू म्हणालास, आता वाट बघायची. सळी स्वतः बोलेल तेव्हा विकायची, तोवर कोणी हात लावायचा नाही, धुवायची नाही, पुसायची नाही, पिशवीचा कागद अडकला तरी काढायचा नाही. मला हसू आलं होतं. देवळातल्या मूर्तीलाही इतकं सोवळं नसतं.

माईला मात्र दिवाळी आली तेव्हा कळलं. आदल्या संध्याकाळी भाण घासून, चुना-कुंकवाचे पट्टे ओढून, त्याला कारीटांचा आणि झेंडूचा हार बांधायचा, मग पहाटे त्यातल्या पाण्यानं अभ्यंगस्नान करायचं, हे तिच्या घरी कधी चुकलेलं नाही. ती विचारत होती आणि तू डाग देणाऱ्याच्या नावानं थापा मारत होतास. शेवटी मीच सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "मगे आतां तां खंय आसा?" आणि तू म्हणालास, खाडीत. तिनं हातातला हार ॲल्युमिनियमच्या टोपाला बांधला. टोपाला कान नसल्यामुळे हार सारखा घसरत होता.

आपलं वेगळं राज्य झालं त्या वर्षी मिलमध्ये पेढे वाटले. सखाराम पेढा तोंडात टाकून म्हणाला होता, आता आम्ही परके झालो की काय. हद्दीपलीकडचा, दोडामार्गच्या बाजूचा माणूस. सायकल मारत यायचा, भट्टीवर बदली कामगार म्हणून राबायचा. त्याच्यासारखे बरेच होते, सगळे सिंधुदुर्गातले. मी त्याला म्हटलं होतं की हद्द नकाशावर, तुझी सायकल तर तीच आहे. पण शेटच्या बोलण्यात त्यानंतर स्थानिक हा शब्द फार यायला लागला, हे तुझ्याही लक्षात आलं होतं. बुटांचं तुला आठवत असेल. कायम कामगारांना बूट आणि बदलीवाल्यांना नाही, असं शेटनं ठरवलं, तेव्हा तू आपले बूट काढून टेबलावर ठेवलेस आणि शेडमध्ये चपलेनं फिरायला लागलास. गरम कपच्या उडून तुझी पावलं भाजली. मी तुला नाटकी म्हटलं, आणि तुझ्या पायाला लावायला घरून खोबरेल आणलं. पुढच्या पगाराच्या आत सगळ्यांना बूट मिळाले.

दुसरी दिवाळी आली तोवर तू आणखी एक गोष्ट बसवली होतीस. रुळांतून लाल सळी बाहेर पडली की तिच्यावर टाकीतल्या पाण्याचे पंपानं चारी बाजूंनी फवारे मारायचे, म्हणजे सळी वरून कडक होते आणि आत लवचीक राहते. शेटला हे पटलं कारण मोठी ऑर्डर मिळत होती, किनाऱ्यावरच्या एका शाळेच्या स्लॅबची. आणि माईनं त्या दिवाळीला काय केलं? कारीटांचा हार करून तुझ्या हातात दिला. म्हणाली, भाण मिलमध्ये वितळलं ना, मग हार मिलमध्ये बांधा. तू तो हसत हसत आणलास आणि ऑफिसच्या खिडकीला अडकवलास. सखारामनं पाहिला. त्याच्याही घरी भाणाला हार बांधतात. तो म्हणाला, साहेब, खिडकीला काय बांधता, पाण्याला बांधायचा असतो. तू म्हणालास, बांध मग कुठं हवं तिथं. जगभरची सूत्रं तोंडपाठ असलेला तू, आणि पंप टाकीत पडेल ते ओढतो एवढं तुला त्या क्षणी सुचलं नाही. आपल्यापैकी कोणालाच सुचलं नाही. सगळ्यांना भाणाला हार दिसला, टाकी कोणालाच दिसली नाही.

सखारामनं फवाऱ्यांच्या टाकीला हार बांधला, वर हळद-कुंकूही टाकलं. हादऱ्यांनी कारीटं टाकीत पडली, पंपानं ओढली, फुटली, आणि त्यांच्या बियांनी एका बाजूच्या फवाऱ्यांची तोंडं बंद झाली. सळ्या एका बाजूनं थंड होत गेल्या आणि दुसरीकडून गरमच राहिल्या. बाहेरून बघायला एकदम चांगल्या. तू वाकवून बघायला लागलास तेव्हा कळलं, काही मऊ तर काही ठिसूळ. सखाराम भिंतीला टेकून उभा होता. शेट आला, विचारलं, हे कोणी केलं. तू म्हणालास, "हार माझ्या आईचा. मीच बांधला."

तेवढ्यावर थांबला असतास तर मी तुझे पाय धरले असते. पण तू पुढं म्हणालास की सगळा माल परत वितळवायचा. शेट कपाळाला हात लावून बसला. मी मध्ये पडलो. मी म्हटलं, शाळेला देऊ नका, कुंपणाला विका, गोठ्याच्या खांबांना विका. तू म्हणालास, गेटाबाहेर गेलेली सळी कुठं जाते ते तुला ठाऊक आहे का? कोणीतरी स्वस्तात घेईल आणि घराला घालेल. सगळा माल परत भट्टीत गेला. ऑर्डरला उशीर झाला, ठेकेदार दुसरीकडे गेला, आणि महिनाअखेर शेटनं बदलीवाल्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. हद्दीपलीकडचे सगळे गेले. सखारामसुद्धा.

त्या संध्याकाळी मी स्कूटरवर बसलो नाही. तू शेजारून स्कूटर ढकलत चालत आलास, गेटापासून पार नाक्यापर्यंत. मी म्हटलं, "सळीवर इतकी माया करतोस. माणसावर नाही?"

तू म्हणालास, "सळी मोडली की खाली माणूसच असतो, वश्या."

"आणि आज मोडला तो?"

तू स्कूटर सुरू केलीस, मी मागं बसलो, आणि आपण इब्रामपूरला आलो. ते भांडण तिथंच राहिलं, दिगू. वर्षानुवर्षं राहिलं. दर काही दिवसांनी मी तुला टोचायचो, "सखाराम?" एवढंच. आणि तू मान खाली घालायचास नाहीतर चहा मागवायचास.

नंतर तू गप्प बसला नाहीस हेही खरं. मिलचं पाणी ओढ्यातून सर्वण गावच्या शेतांत जायचं, वर काळा तवंग यायचा, बायका येऊन शेटच्या नावानं बोटं मोडायच्या. तू शेटच्या मागं लागून पाणी निवळायला दोन मोठी तळी खोदून घेतलीस, आणि खोदायला काढून टाकलेल्या त्याच माणसांना बोलावलंस. खोदून झाल्यावर ते हळूहळू भट्टीवर परतले. सर्वणच्या शेतकऱ्यांनी पहिल्या पिकाचे पोहे कांडून मिलला पाठवले, ते तू कामगारांत वाटलेस आणि स्वतःला घ्यायचं विसरलास. सगळे परत आले, फक्त सखाराम आला नाही. मी तुला तेच ऐकवत राहिलो. मला वाटायचं, तू बोलवायला गेला नसशील. साहेब माणूस, मोठेपणा आड येत असेल.

यंदाची गणेशचतुर्थी नुकतीच आटोपली होती. दुपारी जेवणानंतर तू चाचणीच्या बाकाशी सळी वाकवत होतास. मी रुळांपाशी होतो. कोणीतरी ओरडलं, साहेब पडले. मी धावलो. तू जमिनीवर बसला होतास, छातीवर हात, आणि मला बघून म्हणालास की काही नाही, गॅस झाला. मागं कांब रुळांत होती. लाल कांब अर्धी सोडता येत नाही, सोडली तर रूळ जातात आणि कोणाचा तरी पायही. माणसं रडत रडत ती कांब पार करत होती आणि तू त्या अवस्थेत त्यांना हात करत होतास, संपवा, संपवा. टेम्पोत माझ्या मांडीवर तुझं डोकं होतं. मी काय काय बडबडत होतो मला आठवत नाही. तुझ्याशी भांडत होतो एवढं आठवतं. दवाखाना दिसायला लागला तेव्हा तू उत्तर द्यायचं थांबलास.

मला तुझा राग येतो, दिगू. रोज सकाळी स्कूटरची वेळ झाली की राग येतो. दारात येऊन उभा राहतो आणि मग आठवतं. माझ्या बायकोनं आता दार लावून घ्यायला सुरुवात केली आहे.

स्मशानाकडे नेताना खांदा द्यायला गर्दी झाली. मिलची माणसं, सर्वणची माणसं, तुझे कोंकणीवाले आणि माझे मराठीवाले, सगळे एका ओळीत. मागून एक हात पुढं आला आणि कोणीतरी माझ्या शेजारच्याला म्हणालं, जरा सर. सखाराम होता. केस पिकलेले, अंगानं अर्धा झालेला. तुला ठेवेपर्यंत त्यानं खांदा सोडला नाही. नंतर पाण्याकडे जाताना तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "वसंतराव, हार मिया बांधललंय. तेनी आपल्यार घेतल्यानी." मी म्हटलं, ठाऊक आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. मग तो म्हणाला, "दर चवथीक घराक येयत. गणपतीच्या पाया पडत आणि म्हणत, चल सखाराम. मिया नाय म्हणय. आवंदाय इललेत." आणि तो तसाच उभा राहून लहान मुलासारखा रडायला लागला. सखारामची भाकरी तू तोडलीस, असं मी आयुष्यभर तुला सुनावलं, आणि तू दर चतुर्थीला, अगदी यंदासुद्धा, त्याच्या ओसरीवर बसून चहा पीत होतास.

एवढं सांगायला तुला काय झालं होतं? मी विचारायचो, "सखाराम?" आणि तू मान खाली घालायचास. एकदा म्हणायचं, जातो रे मी, तो येत नाही. माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. की मी ते विचारत राहावं, असंच तुला वाटायचं? आता मी कोणाला विचारू?

तेरावं झाल्यावर शेटनं मला ऑफिसात बोलावलं. तुझी खुर्ची तशीच होती, मी उभाच राहिलो. शेटला वाईट वाटलं होतं, ते खरं होतं, मला दिसत होतं. तो म्हणाला की त्या तांब्याच्या सळीला साहेबांचं नाव देऊ, या दिवाळीपासून बाजारात आणू, खाऱ्या हवेत गंजत नाही असं छापू. ऑर्डरी येतील, बदलीवाल्यांनाही कायम करता येईल. तुम्ही त्यांचे मित्र, तुम्ही हो म्हणा. दिगू, ज्यासाठी मी तुझ्याशी भांडलो ते सगळं त्या माणसानं माझ्यापुढं ताटात वाढून ठेवलं होतं. आणि मी म्हटलं, खाडी बघून येतो, मग सांगतो.

त्या दिवशी मी केरीला गेलो. तुझ्याच स्कूटरवरून, पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसून. ओहोटी होती. निळ्या दोरीची सळी बोटाएवढी राहिली आहे, हात लावला तर पापुद्रे सुटतील. तुझी उभी आहे, काळपट तपकिरी, साल घट्ट धरून. मी तिथं मोठ्यानं हसलो, धक्क्यावरचा माणूस बघायला लागला. मग मी खाली वाकलो आणि तांबड्या दोरीखाली बघितलं. दोरी जिथं ओली राहते तिथं सळीला एक खळगा पडला होता. लहानसाच, नख बसेल एवढा. ओल धरून राहिली की तुझं तांबंही हरतं. तू असतास तर काय म्हणाला असतास ते मला ऐकू आलं. आणखी थांब, सळी अजून पुरतं बोलली नाही.

मी शेटला सांगितलं. साधी सळी म्हणून विका, चांगली आहे, फवाऱ्यानं कडक झालेली आहे, ते छापा. खाऱ्या हवेचं काही छापू नका आणि साहेबांचं नाव देऊ नका, ती अजून तपासणीत आहे. बदलीवाल्यांसाठी मी वेगळा भांडेन, त्याची काळजी करू नका. शेट म्हणाला, तुम्ही साहेबांसारखंच बोलायला लागलात. शिवी दिल्यासारखं म्हणाला. शेडमध्ये बदलीवाल्यांना मी स्वतः सांगितलं की अजून थांबावं लागेल, आणि त्यांच्यातल्या एकानं मला तोच प्रश्न विचारला जो मी तुला नाक्यावर विचारला होता, माणसावर माया नाही? मला तुझ्यासारखी मान खाली घालता आली नाही. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कायम नोकरीसाठी शेटच्या दारात बसायला सुरुवात केली आहे, आणि सखारामच्या घरीही जाऊन आलो. तो अजून नाहीच म्हणतो.

मग दिवाळी आली. तुमच्या घरी यंदा काही नाही, आकाशकंदील नाही, पोहे नाहीत. आदल्या दिवशी दुपारी मी माईला बघायला गेलो तर ती ओसरीवर बसून सुईत कारीटं ओवत होती. मला वाटलं, हिला आता समजावून सांगावं लागणार. मी म्हटलं, माई, आवंदा दिवाळी ना नी? ती वर न बघता म्हणाली, "घरात ना. भाणाची कशी चुकवची?" आणि गाठ मारून हार माझ्या हातात दिला. झेंडू मध्ये मध्ये, कारीटं हिरवीगार, तिच्या हातांनी ओवलेली, कुठं जवळ कुठं लांब. मी तिला सांगायला हवं होतं की सळीला हात लावायचा नाही, असा तुझा नियम आहे. कारीट फुटलं, बी चिकटली, ओल धरली, तर सगळी तपासणी वाया. मी हार पिशवीत घातला. जिला आंघोळीचं करावं असं त्या भाणाशिवाय तिचं दुसरं कोणी राहिलेलं नाही.

केरीला पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं. मी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि तुझ्या सळीला, तांबड्या दोरीच्या वर, माईचा हार बांधला. सळीला कान नसल्यामुळे तो सारखा घसरत होता, म्हणून दोनदा गुंडाळला. मग गाठ पक्की केली आणि थोडा वेळ तसाच पाण्यात उभा राहिलो, तू ओरडशील म्हणून.